रुमालाखालचा भाव

आमच्या घरात भांडणं मोठ्यानं होतात आणि निर्णय हळू आवाजात. लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं उलटं वाटलं होतं. माझ्या माहेरी, रत्नागिरीकडे, माणसं भांडतात ती पुटपुटत, आणि निर्णय मात्र अख्ख्या वाडीला ऐकू जातो. सासऱ्यांनी पहिल्याच महिन्यात मला ह्याचं कारण सांगितलं. साताऱ्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या.

मामांचं आयुष्य वाशीच्या फळ मार्केटात गेलं. गावाहून आले ते पाठीवर पेट्या वाहायला, आणि निवृत्त झाले ते स्वतःचा गाळा चालवून. त्यांच्या काळात आंब्याचा सौदा रुमालाखाली व्हायचा. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहायचे, दोघांच्या हातांवर एक मोठा रुमाल टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचे. भोवती माणसांचा गराडा, त्यात जो तो तोंडाला येईल तो आकडा ओरडतोय; पण खरा आकडा त्या दोन हातांनाच ठाऊक. भाव पटला की रुमाल झटकायचा. एकदा रुमाल झटकला की सौदा फिरवायचा नाही, मग बाजार पडो की चढो.

"तोंडानं बोललेला भाव लोकांसाठी असतोय, पोरी," मामा म्हणायचे. "खरा भाव रुमालाखाली."

मला हे भारी वाटायचं. ऑफिसात मैत्रिणींना मी रंगवून सांगायचे. हेच वाक्य पुढे आत्यांच्या डोळ्याच्या मुळावर उठेल, असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी असणार?

ह्या दोघांबद्दल लिहिताना मी तटस्थ वगैरे राहू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मुलगी रांगायच्या वयाची होती तेव्हा मला बेलापूरला नोकरी लागली. नात्यातल्या एका बाईंनी, जेवण झाल्यावर बडीशेप चघळत, इतकी शिकलेली सून करू नये असं मत दिलं. मामा म्हणाले, "शिकलेली आनली ती काय शोकेसमदी ठेवायला?" बाईंची बडीशेप घशातच राहिली. आणि आत्यांनी मुलीला माझ्या कडेवरून उचललं नि म्हणाल्या, "जा तू. हिला भूक लागली की मला कळतं." तिथून पुढे मुलीचं न्हाणं, भरवणं, वेण्या, ताप, गोवर, सगळं त्यांनी केलं. मी संध्याकाळी घरी यायचे ती तयार जेवणावर. ह्याची परतफेड होत नसते. ती करायची असतेच असंही नाही, पण आठवण तरी ठेवावी माणसानं.

हे सगळं आत्या एका डोळ्यावर करत होत्या. लहानपणी उसाच्या फडात पान लागून त्यांच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. पांढरा, धुरकट डोळा. त्यानं उजेड-अंधारापलीकडे काही कळायचं नाही. डावा मात्र लखलखीत. त्या एका डोळ्यानं त्या तांदळातला खडा हेरायच्या आणि माझ्या मुलीचा भांग असा काढायच्या की दोरा धरून आखलाय असं वाटावं. त्यांना एकच डोळा आहे हे आम्ही सगळे विसरून गेलो होतो. बहुतेक त्याही.

मग मामा निवृत्त झाले आणि त्यांच्या हातात फोन आला.

सकाळी ते खाडीकाठच्या मिनी सीशोअरला चालायला जायचे. तिथे मार्केटातली जुनी मंडळी भेटायची. चालणं कमी आणि बाकावर बसणं जास्त. त्या मंडळींचा फोनवर ग्रुप झाला आणि त्या ग्रुपवर व्हिडिओ यायला लागले. विमानामागे पांढरी रेघ उमटते ती म्हणजे आपल्यावर फवारलेली पावडर. खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंच्या पायात जी कडी असते ती म्हणजे परदेशी कॅमेरा. एकदा मी स्वतः पाहिलं, मामा खाडीकाठी फोनवर गावच्या जमिनीचं काहीतरी बोलत होते आणि बोलता बोलता त्यांनी पाण्यातल्या पक्ष्यांकडे पाठ केली. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. म्हातारपणीचा विरंगुळा आहे, म्हटलं. पत्त्यांपेक्षा बरा.

त्यातल्या एका चॅनेलवर मामांचा फार जीव होता. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे जाड पुस्तकांची कपाटं, आणि चेहरा असा सज्जन की मुलगी द्यावी. हा डॉक्टर बोलायचाही शुद्ध. इतकं शुद्ध मराठी आमच्या बिल्डिंगीत काय, पुण्याच्या माझ्या मावशीच्या घरीही कुणी बोलत नाही. "प्रिय ज्येष्ठ बंधुभगिनींनो," अशी सुरुवात. शेवट ठरलेला: "ही माहिती तुमच्यापासून लपवली जात आहे." हे वाक्य आलं की मामा हलकेच मान डोलवायचे, गाण्यात समेवर डोलवावी तशी.

दोनएक वर्षांपूर्वी आत्यांचा डावा डोळा अंधुक व्हायला लागला. वाशीतच एका डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. मोतीबिंदू होता आणि तो झपाट्यानं वाढत होता. "एकच डोळा आहे म्हणून घाबरू नका," त्या म्हणाल्या, "पण एकच डोळा आहे म्हणून थांबूही नका. मोतीबिंदू फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. मग ऑपरेशन करूनही नजर परत येईल ह्याची खात्री मी देऊ शकत नाही." आम्ही तारीख घेऊन टाकली. बाहेर काउंटरवरच्या मुलीनं सवयीनं विचारलं, "लेन्स इंडियन टाकायची की इम्पोर्टेड?"

मामा पैशाला मागे हटणारे नव्हतेच. "जी भारी असंल ती," असं ते म्हणाले आणि आम्ही घरी आलो. माझ्या नवऱ्यानं दोन्ही लेन्समधला फरक बघायला म्हणून मामांचाच फोन घेतला आणि त्यावर बरंच काही शोधलं. त्या फोनला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरनं मामांना लेन्सची खबर आणून दिली.

परदेशी कंपन्या म्हणे आपल्या ज्येष्ठ नागरिकांच्या डोळ्यांत जी भिंगं बसवतात त्यात एक अदृश्य पापुद्रा असतो. म्हातारं माणूस जे जे बघेल ते ते परदेशात साठवलं जातं. आणि एक दिवस, लढाईच्या वेळी, तिकडे कुणीतरी एक बटण दाबेल आणि इकडे सगळी भिंगं एकदम काळी पडतील. अख्ख्या देशाची म्हातारी माणसं एका क्षणात आंधळी. देशी भिंगंसुद्धा सुरक्षित नाहीत, कारण त्यांचा कच्चा माल तिकडूनच येतो. आणि हो, ही माहिती तुमच्यापासून लपवली जात आहे.

मामांनी दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली. आम्हाला संध्याकाळी कळलं.

"मामा, आत्या दिवसभर काय बघतात?" मी विचारलं. "कुकर, तुळस आणि समोरच्यांनी वाळत घातलेले कपडे. परदेशाला त्यात काय रस?"

"हसू नगंस," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मी गप्प झाले. "एकच डोळा हाय तिचा. तो मी दुसऱ्याच्या बटनावर ठिवू?"

त्या क्षणी मला कळलं की हा हट्ट नाही, ही भीती आहे, आणि भीतीच्या पोटात माया आहे. हे कळून उपयोग काही झाला नाही. पुढचे कित्येक आठवडे मी त्यांच्याशी भांडत होते. पेपरात असलं काही आलेलं नाही म्हटलं, तर म्हणाले, "पेपरात कसं येईल? पेपर म्हंजी तोंडाचा भाव." डॉक्टरबाई खोटं बोलतील का म्हटलं, तर म्हणाले, "त्यांना तरी कोन सांगतंय?" नवरा नेहमीप्रमाणे तळ्यात-मळ्यात. थोडं थांबू, ते स्वतःहून मानतील, असं त्याचं म्हणणं. नवऱ्याचा स्वभाव शांत आहे आणि एरवी त्याचं मला कौतुक आहे, पण मोतीबिंदू त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

एका रविवारी मी अख्खी दुपार त्या चॅनेलच्या मागे लागले. खोदत खोदत गेले तर कळलं, ते पान चालवणारी माणसं भलत्याच देशात बसली आहेत; माझ्या सासूबाईंच्या डोळ्याशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा देशात. तोच पांढरा कोट, तोच चेहरा, तीच पुस्तकं, बंगालीत होती. मला लिपीही वाचता येत नाही अशा दोन-तीन भाषांत होती. खाली आपोआप येणारं भाषांतर वाचलं तर कुठे तो दातात भरायच्या चांदीबद्दल घाबरवत होता, कुठे गावच्या विहिरीच्या पाण्याबद्दल. माणसांची भीती कशात आहे ते बघून माल बदलायचा, एवढाच धंदा. आणि शेवट सगळीकडे एकच: तुमचे डॉक्टर, तुमचे पेपर, तुमचं सरकार, कुणावरच विश्वास ठेवू नका.

मी जिंकल्याच्या आनंदात मामांना बोलावलं आणि एकेक करून सगळं दाखवलं. मामांनी चष्मा लावून शांतपणे सगळं बघितलं.

"म्हंजी त्येंच्याकडं बी ह्येच चाललंय," ते म्हणाले. "बघ, किती मोठं जाळं हाय."

पुढे मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. कोकणातल्या माणसाचं तोंड सुटलं की फणसाच्या काट्यांनी लाजावं. पण रात्री अंथरुणावर पडले तेव्हा रागाच्या तळाशी एक गोष्ट स्वच्छ दिसली. मामा भोळे नव्हते. ज्या बाजारात ओरडलेल्या भावावर विश्वास ठेवणारा बुडतो, त्या बाजारात हा माणूस तरला होता, वाढला होता. गर्दी एक बोलते आणि खरं काहीतरी वेगळं असतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांच्या बोटांना ते ठाऊक होतं. आता कुणीतरी लांबून, रुमालाखालून बोलल्यासारखं हळूच कानात सांगत होतं, आणि मामांनी सवयीनं हात पुढे केला होता. माझ्या घरात हा अनर्थ शहाणपणातून आला होता, म्हणून तो निघता निघत नव्हता.

आत्या ह्या सगळ्यात कुठेच नव्हत्या. डोळा त्यांचा, पण भांडण आमचं. पांढऱ्या कोटानं आता उपायही सांगितला होता: उगवत्या सूर्याकडे बघत राहा, मोती विरघळतो. मी सकाळी डबे भरत होते तर बाल्कनीत आत्या पूर्वेकडे तोंड करून उभ्या. मी पोळी तव्यावर टाकून धावले.

"आत्या, आत चला. असल्यानं उरलेला डोळा जाईल."

आत्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. डोळा घट्ट मिटलेला होता. "मी मिटूनच उभी ऱ्हाते," त्या हळूच म्हणाल्या. "सांगू नगंस त्येंना."

तव्यावरची पोळी करपली, आणि मला हसावं की रडावं तेच कळेना. म्हणजे ह्या बाईचा त्या व्हिडिओवर तिळमात्र विश्वास नव्हता. "मग तुम्ही बोलत का नाही?" मी विचारलं. "तुमचा डोळा आहे. तुम्ही नाही म्हटलं तर ते ऐकतील."

"तू मोठ्यांदा बोलतीस म्हनून ते ऐकत न्हाईत," आत्या म्हणाल्या. "मोठ्यांदा बोललेलं त्येंना जन्मात कदी खरं वाटलं न्हाई." आणि भिंतीला हात लावत आत गेल्या.

तो भिंतीला लावलेला हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग सगळंच दिसायला लागलं. तांदूळ त्या आता बोटांनी निवडत होत्या. कुंकू लावताना आधी एक बोट कपाळावर टेकवून जागा धरत होत्या. दहावीतली माझी मुलगी अजूनही आजीकडूनच वेण्या घालून घ्यायची. तिचा भांग आता नागमोडी निघत होता. तसाच वाकडा भांग घेऊन ती शाळेत जायची. लिफ्टमध्ये आरसा आहे, खाली जाईपर्यंत सहज नीट करता आला असता. मी एकदा तसं सुचवलं तर ती म्हणाली, "राहू दे ना, आई." एवढंच. मी माझ्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहिले. हे तिला मी शिकवलं नव्हतं.

उन्हाळा लागला. आंब्याचा हंगाम म्हणजे मार्केटची माणसं कामात बुडलेली, पण हंगाम उतरणीला लागला की मामांचे जुने सोबती एखाद्या दुपारी घरी डोकवायचे. तसे ते एका दुपारी आले. हॉलमध्ये बसले. मी सुट्टीवर होते, ओट्याशी उभी होते. आत्या स्वयंपाकघराच्या दारात.

ह्या घरात पाहुणे आले की मामा चहाचं तोंडानं सांगत नाहीत. पाहुण्यांच्या पाठीमागून हात वर करतात आणि बोटं दाखवतात, तितके कप. कुणी नको-नको म्हणायच्या आत चहा आलेला असतो. लग्न झाल्यापासूनची त्यांची ही खूण. त्या दिवशीही मामांनी बोलता बोलता हात वर केला. आत्या दारात उभ्या. मामांनी हात आणखी वर केला. आत्या त्यांच्याकडेच बघत होत्या, पण हलल्या नाहीत. आधीचे कित्येक महिने त्या आवाजांवरून माणसं मोजून कप भरत होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी एक पाहुणा सगळा वेळ गप्प बसला होता की काय कोण जाणे.

"अवं," आत्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "बोटं दिसत न्हाईत मला. तोंडानं सांगा किती कप."

पाहुण्यांनी माना खाली घातल्या. मामांचा हात वरच राहिला होता. मग त्यांनी तो खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"चार," ते म्हणाले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

चहा झाला, पाहुणे लवकर उठले. मामा तिथेच बसून होते. आत्या आतून मामांचा पांढरा रुमाल घेऊन आल्या. चाचपडत सोफ्यापर्यंत गेल्या, त्यांच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात शोधून आपल्या हातात घेतला आणि त्यावर रुमाल टाकला. मी दारातून मागे व्हायला हवं होतं. झाले नाही.

"एवढ्या लोकांचा हात धरलात उभ्या जन्मात," आत्या म्हणाल्या. "रुमालाखाली कुनाचा हात हाय, ते ठावं असायचं का न्हाई?"

"असायचं की."

"त्या फोनातल्या मानसाचा हात धरलाय कदी?"

मामांची नजर टीपॉयवरच्या फोनाकडे गेली.

"ज्याचा हात धरला न्हाई त्याचा भाव कसा काय घेतलात तुमी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या, जसं एखाद्या दिवशी गाळ्यावरून उशिरा आलेल्या नवऱ्याला विचारावं. "आता माझा धरलाय. बघा, पटतंय का."

रुमाल हलला नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग मामांनी रुमाल उचलला आणि झटकला.

मी नंतर आत्यांना विचारलं, भाव काय सांगितलात? त्या हसल्या. "कसला भाव, बाई. मला कुठं येतंय त्यातलं? नुसता हात धरून बसले."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही, त्या म्हणाल्या. एवढे दिवस का थांबलात, हे त्यांनी विचारलं नाही, ह्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. मामा खुर्चीतून उठले. "बाई, जरा हात द्या," ते म्हणाले. मला धरणी दुभंगावी असं झालं. डॉक्टरबाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग टेबलावरून आपला उजवा हात पुढे केला. मामांनी तो दोन्ही हातांत धरला. नुसता धरला, आंब्याचा बाठा आत कितपत धरलाय हे बघतात तसा, आणि सोडला.

"थरथरत न्हाई हात," ते आत्यांना म्हणाले. "करून घे."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "भारी लेन्स टाकते," एवढंच म्हणाल्या. त्या एका वाक्यासाठी त्यांना किती आशीर्वाद दिलेत मी, त्यांना कल्पनाही नसेल.

ऑपरेशन झालं. मामा बाहेर बाकावर बसून होते. चहा आणला तर घेतला नाही, फोन खिशातून काढला नाही. डोळ्यावरचं झाकण निघालं तेव्हा आत्यांनी थोडा वेळ खोली बघितली, मग मला बघितलं. "किती वाळलीस गं तू," त्या म्हणाल्या. "खात न्हाईस व्हय?" मी तिथल्या तिथे, नर्ससमोर, हुंदके देऊन रडले. देवाला, डॉक्टरला, मामांना, सगळ्यांना एकदमच नमस्कार करावासा वाटत होता, आणि हात दोनच.

आता इथे गोष्ट संपवली तर छान दिसेल, पण खरं सांगायचं तर मामांचे व्हिडिओ बंद झाले नाहीत. त्यांनी रुमाल झटकला होता तो आत्यांच्या डोळ्यापुरता. दुपारी जेवून सोफ्यावर कलंडले की पांढऱ्या कोटातला डॉक्टर पुन्हा सुरू. आता विषय गुडघे. मी दात-ओठ खात भांडी लावायचे. आत्यांनी हातानं खूण करून मला गप्प केलेलं होतं.

महिन्याभरानं असाच एक दिवस. मी आत्यांच्या डोळ्यात औषधाचा थेंब घातला, आणि त्या डोळा मिटून, मोजून, सावकाश उघडून मामांशेजारी जाऊन बसल्या. फोनात शुद्ध मराठी चाललेलं होतं.

"बघू तरी," आत्या म्हणाल्या. "आजवर नुसता आवाजच ऐकला ह्या बाबाचा."

मामांनी फोन त्यांच्या हातात दिला. जरा ऐटीत दिला, म्हणजे आता तूच बघ, किती चांगला माणूस आहे. आत्यांनी फोन जवळ धरला. बराच वेळ बघितलं. जवळ नेला, लांब नेला.

"अवं," त्या म्हणाल्या, "ह्यो पापनी लववत न्हाई."

"काय?"

"पापनी. मगापासनं बघतीया. मला ते थेंब घालून घालून सवयच लागलीय, डोळा कदी मिटला, कदी उघडला त्याची. ह्याचा मिटतच न्हाई."

मी हातातलं भांडं ठेवून आले आणि मागून वाकून बघितलं. खरंच. सज्जन चेहरा, हलणारे ओठ, डोलणारी मान, आणि दोन डोळे सताड उघडे. एकदाही लवले नाहीत. मी अख्खा रविवार घालवून ह्याचा देश शोधून काढला होता, पण ह्याच्या डोळ्यांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाचंच गेलं नव्हतं. आम्ही सगळे ऐकत होतो.

मामांनी फोन घेतला. चष्मा पुसला, लावला. व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, मग पुन्हा पहिल्यापासून लावला आणि पुन्हा शेवटपर्यंत बघितला. "ही माहिती तुमच्यापासून लपवली जात आहे," तो न मिटणारा चेहरा म्हणाला. मामांनी फोन पालथा करून टीपॉयवर ठेवला.

"मानूसच न्हाई व्हय ह्यो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. नंतर आत्यांकडे वळले. "आनि ह्याच्या सांगन्यावरनं मी तुजा डोळा घालवाया निगालो हुतो."

तोंड फिरवून ते खिडकीकडे बघायला लागले. एवढा मोठा, अख्ख्या मार्केटात ज्याच्या शब्दाला वजन होतं असा माणूस, खांदे आवळून पाठमोरा बसला होता. मी आत जायला वळले.

आत्यांनी त्यांच्या हनुवटीला हात लावून तोंड आपल्याकडे वळवलं.

"घालवला कुठं?" त्या म्हणाल्या. "दिसतंय की मला, तुमी रडताय ते."